एसच्या आधी की एसच्या नंतर

सरांच्या टायपिंग क्लासमध्ये पहिल्या दिवशी मशीनला हात लावू देत नसत. मी गेले तेव्हा सर दारातच उभे होते. जिन्याच्या वरच्या पायरीवर काढलेल्या चपलांकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही कोणाची?"

"माझी."

"आणि या सगळ्या?"

"मुलींच्या."

"मुलीच्या की मुलींच्या?"

"मुलींच्या."

"फरक काय?"

मी गोंधळले. मग म्हटलं, "टिंबाचा."

"बरोबर. टिंब काढलं तर या आठ चपला एकाच मुलीच्या होतील. मग बाकीच्या मुली घरी कशा जातील?" असं म्हणून ते बाजूला झाले आणि मला आत घेतलं. आपल्या टिंबाचं हे काम इंग्रजीत अक्षरांच्या डोक्याशी लोंबणारा एक स्वल्पविराम, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, करतो, धनी एक असेल तर तो एसच्या आधी येतो आणि अनेक असतील तर एसच्या नंतर, एवढं त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. ए, एस, डी, एफ दुसऱ्या दिवशी.

क्लास रोह्याच्या बाजारपेठेत होता, भांड्यांच्या दुकानाच्या वर. सात मशीन, सात स्टुलं आणि भिंतीवर एक घड्याळ. ओळ संपली की मशीनची घंटा वाजायची आणि खाली कोणी पातेलं वाजवून घेत असेल तर त्याचाही आवाज वर यायचा. नव्वद सालानंतरची ती वर्षं. माझे वडील कंपनीत शिफ्टला जायचे. मी बारावी झाले होते आणि "टायपिंग कर, ऑफिसात लागशील" असं घरात ठरलं होतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या मुली तेवढ्यासाठीच तो जिना चढत.

सर मुंबईला एका सॉलिसिटरच्या ऑफिसात तीस वर्षं मशीनवर बसले होते. निवृत्त झाल्यावर रोह्याला आले. एकटेच राहायचे, खानावळीत जेवायचे. लग्न झालं होतं की नाही हे कोणाला ठाम माहीत नव्हतं आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. मे महिन्यातही मनगटाचं बटण लावलेलं असे. कानामागे लाल पेन्सिल, खिशात खडूचा तुकडा. खडू कशासाठी, ते पुढे कळलं.

सर कोणालाच एकेरी हाक मारत नसत. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली, पण आम्हाला "तुम्ही". झाडायला येणाऱ्या बाईंचा उल्लेखही "त्या आल्या होत्या का?" असाच करायचे. एकदा एका मुलीने उशिरा येण्याचं कारण सांगितलं, "सर, वडील आजारी होते आणि आई शेतावर गेली होती." सरांनी डोळे मिटून घेतले.

"वडील किती?"

"एकच, सर."

"आणि आई?"

"एकच."

"मग बाप एक असून 'होते' आणि आई एक असून 'गेली होती' कशी? एक तर दोघांना एकवचन द्या, नाहीतर दोघांना अनेकवचन."

ती मुलगी घरी जाऊन आईला "तुम्ही" म्हणाली, तर आईने तिला बरं नाही असं समजून कपाळाला हात लावून पाहिला. हे तिनेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "सवय होईल त्यांना."

मशीनवर ते चिन्ह आठाच्या डोक्यावर होतं. डाव्या करंगळीने शिफ्टची कळ दाबून धरायची आणि उजव्या मधल्या बोटाने आठ मारायचा. जुन्या मशीनची शिफ्ट इतकी जड, की करंगळी दुखून यायची. म्हणून आम्ही ते चिन्ह हळूच गाळायचो. सर पाठीमागून फिरत असायचे आणि न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखायचे. शिफ्ट उचलल्याचा खट्ट आवाज आला नाही की थांबायचे.

"करंगळीला कंटाळा आला?"

"नाही सर."

"करंगळीच्या कंटाळ्यापायी एखाद्याचं घर दुसऱ्याच्या नावावर जातं. पुन्हा मारा."

त्यांचा दुसरा पाठ डब्यावरचा. इंग्रजी वाक्यात 'गर्ल्स टिफिन' आलं की पुढे आम्ही हमखास 'इज'ऐवजी 'आर' मारायचो, कारण मुली अनेक. सर एका मुलीचा जेवणाचा डबा टेबलाच्या कडेला आणून ठेवायचे आणि बोटाने ढकलायचे. पडता पडता पकडायचे.

"सात मुलींचा डबा. पडला, की पडले?"

"पडला."

"का? मुली तर सात आहेत."

"डबा एक आहे."

"मग! धनी कितीही असोत, क्रियापद धन्याकडे बघत नाही. वस्तूकडे बघतं. चिन्ह लावताना धनी मोजा, क्रियापद लावताना वस्तू मोजा. या दोन मोजण्या वेगळ्या ठेवता आल्या तर तुम्हाला इंग्रजी आलं."

एकदा डबा त्यांच्या हातून खरंच निसटला आणि वालाची उसळ सगळ्या फरशीवर झाली. सरांनी स्वतः फडकं घेऊन पुसलं आणि त्या मुलीला खानावळीतून जेवण आणून दिलं. दुसऱ्या दिवसापासून पाठ तोच, फक्त डबा रिकामा.

आता खडूचं सांगते. बाजारात एका मास्टरचं शिवणकामाचं दुकान होतं. मास्टर मुसलमान, दोन भाऊ आखातात, हे इथे मशीन चालवत. पाटीवर इंग्रजीत 'लेडीज टेलर' लिहिलेलं. सर रोज खानावळीत जाताना त्या पाटीखाली थांबायचे आणि हात पोचेल तिथे खडूने ते चिन्ह काढायचे. मास्टर रोज पुसायचे. आठवडाभर हे चाललं. शेवटी मास्टर कात्री हातात घेऊनच बाहेर आले. मी तेव्हा तिथे ब्लाउज टाकायला गेले होते.

"सर, हे काय हाय? लोक इचारतात, पाटीला काय चिकटलंय?"

"मास्टर, तुमच्याकडे लेडी एक येते की अनेक?"

"अल्लाच्या मेहरबानीनं लय येतात."

"मग चिन्ह एसच्या नंतर. त्या सगळ्यांचे टेलर तुम्ही. चिन्ह नसेल तर नुसत्या लेडीज आणि नुसता टेलर. त्यांचं तुमचं नातंच कळत नाही."

मास्टर जरा विचारात पडले. म्हणाले, "नातं नकोच सर, बायको वरच राहते." पण पुढच्या ईदला पाटी नवी झाली तेव्हा पेंटरला सांगून त्यांनी चिन्ह घालून घेतलं. पेंटरने ते कैरीएवढं काढलं आणि हिरवं रंगवलं. सर पाटीखाली उभे राहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि आत जाऊन मास्टरांशी हात मिळवला. रोह्यात त्यांनी दुसऱ्या कोणाशी हात मिळवलेला मी पाहिला नाही.

ते हट्टी होते, पण दुसऱ्याच्या जिवावर हट्ट करणारे नव्हते. आमच्या परीक्षेच्या उताऱ्यात 'चिल्ड्रन' शब्दाच्या पुढचं चिन्ह चुकीच्या जागी छापलं होतं, एसच्या नंतर. चिल्ड्रन आधीच अनेकवचनी, म्हणून त्याचं चिन्ह एसच्या आधी, हे आम्हाला झोपेतही येत होतं. सातही मशीन एकदम थांबली आणि आम्ही सरांकडे पाहिलं. तपासणीला बाहेरचे साहेब बसलेले. परीक्षेत छापलंय तसंच मारायचं, नाहीतर मार्क जातात. सरांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला. पण ते शांतपणे म्हणाले, "छापलंय तसं मारा. मार्क तुमचे आहेत, चूक त्यांची आहे." त्या दिवशी ते खानावळीत गेले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी परीक्षेच्या ऑफिसला दोन पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. मग दर वर्षी एक पाठवत राहिले.

पुढे कॉम्प्युटर आले, क्लास बंद झाला, मशीन भंगारात गेली आणि काही वर्षांनी सरही गेले. हे सगळं रीतसर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचं आहे ते माझ्या मामाचं.

परीक्षा पास झाल्यावर सरांनी मला सकाळच्या वेळात जॉबवर्कला बसवलं होतं. लोक अर्ज, पत्रं घेऊन यायचे, मी टाईप करून द्यायचे. आईचं माहेर पेणजवळच्या खारेपाटातलं. खाडीला लागून भातशेती, शेताला मातीचा मोठा बांध. तो बांध समुद्राचं पाणी अडवून धरायचा. आईला तीन भाऊ. त्या वर्षांत डोलवीच्या बाजूला कंपनीचं काम निघालं होतं आणि आसपासच्या जमिनींना गिऱ्हाईकं येऊ लागली होती. मामांच्या जमिनीला मुंबईचं एक गिऱ्हाईक आलं. व्यवहाराआधी मालकांचं संमतीपत्र इंग्रजीत पाहिजे, असं त्याने सांगितलं. पेणला टाईप करणारे पुष्कळ होते. पण थोरल्या मामाला वाटलं, आपलीच भाची रोह्याला मशीनवर बसते, घरचं काम घरात होईल. म्हणून सकाळच्या एसटीने तो रोह्याला आला.

मला बघून त्याला फार बरं वाटलं. "आमची पोर इंग्लिश टायपिंग करते," असं त्याने जिन्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगितलं. गिऱ्हाइकाच्या माणसाने हाताने लिहून दिलेला कागद माझ्यासमोर ठेवला. मी पान चढवलं. मालकांची संमती देण्यात येत आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. 'ओनर्स' शब्दावर चिन्हच नव्हतं. मी थांबले, आणि मशीन थांबलं म्हणून सर आले.

त्यांनी कागद वाचला. "कन्सेंट एक, म्हणून इज. बरोबर आहे." मग मामाकडे वळून, "ओनर किती?"

"काय?"

"जमिनीचे मालक किती? चिन्ह कुठे द्यायचं ते त्यावर आहे."

"आमी तिगं भाव."

"सातबाऱ्यावर नावं किती?"

मामा घुटमळला. "चार हायत. बहीण हाय एक. पन ती दिलेली."

"दिलेल्या म्हणजे? त्या हयात आहेत ना?"

"हाय की!" मामा मोकळेपणाने हसला. "ही काय, हिचीच आय. इथंच तर राहते, तुमच्या रोह्यात. तिचा हक्कसोड घेऊ की नंतर. ती काय नाय म्हनते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनच्या रोलरकडे पाहत होते. मामाच्या बोलण्यात काही खोट आहे असं मलाही वाटलं नव्हतं, हे कबूल केलं पाहिजे. बहिणी सही करून देतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. भाऊबीजेची साडी घेऊन मामा यायचा तशीच ती सही, असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलेलं.

"तुम्ही तिघे सांगितले, तर 'ब्रदर्स' लिहावं लागेल. ते खोटं होईल, कारण जमीन चौघांची आहे," सर म्हणाले. "'ओनर्स' लिहून चिन्ह एसच्या नंतर दिलं तर खाली चार सह्या लागतील. कोणतं लिहू?"

"तुमी टायपिंग करा हो. वकिली कशाला करता?"

"मी टायपिंगच करतोय."

मामाचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला. "तू मार गो. काय ते चिन्ह बिन्ह, कोन बघतंय?"

माझी बोटं कळांवर होती. सरांनी मला ना मार म्हटलं, ना थांब म्हटलं. ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. मी रोलर फिरवला आणि अर्धवट पान काढून घेतलं. "मामा," मी म्हटलं, "आईला विचारून या ना. जवळच आहे घर."

तो कागद उचलून जिना उतरला.

दुपारी घरी गेले तर मामा जेवायला बसला होता. आईने त्याच्यासाठी बोयांचं कालवण केलं होतं. पानात माशाचं डोकं त्याला वाढलेलं, त्याला आवडतं म्हणून. तो खाली मान घालून जेवत होता, म्हणजे त्याने काही विचारलं नव्हतं.

"झालं का रं काम?" आईने विचारलं.

मामा घास चावत राहिला. मग मीच म्हटलं, "नाय झालं. सरांनी विचारलं, जमिनीचे मालक किती."

आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. "मग? किती सांगितलंस?"

"तीन," मामा म्हणाला.

आईने त्याच्या पानात आणखी भात वाढला, कालवण वाढलं. मग त्याच्यासमोर बसली.

"बाबा गेले त्या साली उधाणाचं पानी बांध फोडून शेतात आलं. आठवतं?"

"आठवतं."

"मी चौदा वर्सांची. तू दहाचा. ते दोघं तुझ्या मागचे. आय तापाने पडलेली. चिखल कोन वाहत होतं?"

मामाने जेवण थांबवलं.

"ओहोटी हाय तवर बांध घालायचा म्हनून गुडघाभर चिकलातून टोपल्या आनल्या. माझ्या डोक्यावर मोठी, तुमच्या डोक्यावर बारक्या. तवा आपन किती होतो रं?"

"चौगं," मामा म्हणाला.

"मग तेवढंच लिव. सही मी देते. जमीन जायची तर जाऊ दे, सगळ्यांचीच चाललेय. पन मला न मोजता नको."

मामा जेवून उठला. निघताना नेहमीसारखा आईच्या पाया पडला आणि कागद खिशात घातला. मला वाटलं, आता तो पेणला जाऊन दुसऱ्या कोणाकडून टाईप करून घेईल. त्याला कोणी अडवणार नव्हतं. त्या चिन्हाने कायद्यात काही फरक पडत नव्हता, हेही खरं. पुढे कधीतरी हक्कसोडीचा कागद आईसमोर आला असता आणि तिने सही केली असती, बहुतेक काही न बोलता. फरक एवढाच पडला, की गोष्ट आधी तिच्या कानावर आली, आणि आल्यावर ती बोलली.

दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही. मी सरांवर मनातून चिडले होते. आईचं माहेर तुटलं तर त्यांना काय, असं वाटायचं. मग एका सकाळी धाकटा मामा कागद घेऊन जिना चढला. खालच्या बाजूला चार रेघा आखलेल्या होत्या, सह्यांसाठी. मी टाईप करायला घेतलं तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले. 'ओनर्स' आलं, मी करंगळी दाबली, आठ मारला. खट्ट. ते पुढच्या मशीनकडे निघून गेले.

खरेदीचा कागद पेणला मराठीत झाला. मी आईबरोबर गेले होते. ऑफिसात गर्दी होती. तिघे मामा पुढच्या बाकावर बसले होते, आई माझ्याबरोबर मागे. कारकुनाने नावं वाचली. तीन वाचून झाली, मग चौथं. आई उठली नाही. त्याने पुन्हा वाचलं. आई तशीच बसून. लग्नात तिचं नाव बदललं होतं. भाऊ तिला बाय म्हणत, आम्ही आई, वडील काहीच नाही. कारकून वाचत होता ते तिचं लहानपणचं नाव, पुढे तिच्या वडिलांचं नाव आणि गावाकडचं आडनाव. तिसऱ्यांदा वाचल्यावर ती दचकून उभी राहिली आणि "हाय, हाय, मीच ती," असं म्हणाली. ती टेबलापर्यंत गेली आणि अंगठ्याऐवजी सही केली. दुसरीपर्यंत शिकलेली सही, प्रत्येक अक्षर वेगळं. कारकुनाने घाई केली असती तरी तिने तेवढाच वेळ घेतला असता.

आलेल्या पैशातला आपला वाटा तिने सोडला नाही. मधल्या मामाने त्यावरून दोन भाऊबिजा घरात पाऊल टाकलं नाही. आईने दोन्ही वर्षं त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. तिसऱ्या वर्षी तो आला. थोरला मामा मात्र एकदाही चुकला नाही.

पेणहून आल्यावर मी क्लासात गेले आणि सरांना सगळं सांगितलं. आई तीन हाकांपर्यंत कशी उठली नाही तेही. इतके दिवस चिडल्याचं नाही सांगितलं. सर लाल पेन्सिलीला टोक करत ऐकत होते.

"कागदात नाव कितवं होतं त्यांचं?" त्यांनी विचारलं.

"चौथं."

"भावंडांत त्या कितव्या?"

"पहिल्या. सगळ्यांत थोरल्या."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग पहिलं हवं होतं," ते म्हणाले.

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती ओट्याशी कोळंबी सोलत होती. आधी हसली, मग हात थांबले.

"बरोबर बोलतात ते," म्हणाली. "मीच मागच्या बाकावर जाऊन बसले."

मग कोळंबीचं ताट पुढे ओढून घेतलं आणि मला म्हणाली, "बस खाली. हे निम्मं तुझं."